रेशमी उपद्रव

रव्याचा डबा बरेच दिवस कुणी उघडला नाही, की रवा संघटित होतो. चमचा घातला की सुटा रवा येण्याऐवजी एक गोळाच वर येतो आणि त्याच्याखाली बारीक धागे लोंबत राहतात. घरातली जाणती बाई त्याकडे पाहून दोनच शब्द उच्चारते, "जाळी धरली." मग चाळण येते, परात येते, गच्चीवरचं ऊन येतं. पांढुरक्या अळ्यांची हकालपट्टी होते आणि पुन्हा वस्ती होऊ नये म्हणून चार लवंगा डब्यात पहाऱ्याला बसतात. या धामधुमीत त्या धाग्याची चौकशी मात्र कुणी करत नाही. तो बोटांना चिकटतो म्हणून शिव्या खातो आणि नळाखाली वाहून जातो. वास्तविक ते रेशीम असतं. तुतीवर नव्हे, आपल्या रव्यावर पोसलेलं, पण रेशीमच. पैठणीच्या पदराशी त्याचं नातं चुलत म्हणावं इतकं जवळचं आहे.

हा उद्योग बहुधा कॉर्सायरा नावाच्या एका मळकट पतंगाच्या पोराबाळांचा. त्याची अळी धान्याचे कण एकमेकांना शिवते, त्यांची नळी करते आणि त्या नळीत बसून आसपासचं धान्य खाते. भिंती खायच्या आणि मग पुढे नव्या भिंती उभारायच्या, असा हा गृहनिर्माणाचा कारभार. गंमत म्हणजे हाच पतंग सरकारी प्रयोगशाळांत मानाने पोसला जातो. त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीची एक अतिसूक्ष्म बहीण वाढवतात आणि ती अंडी कार्डांवर चिकटवून शेतकऱ्यांना देतात. शेतात जाऊन ती इतर पतंगांच्या अंड्यांचा निकाल लावते. कपाशीवाल्यांना ट्रायकोकार्ड ठाऊक असतं. त्या कार्डामागे कुणाच्या तरी रव्याची नासाडी करणाऱ्या घराण्याचं योगदान आहे, हे घरातल्या जाणत्या बाईला सांगायची माझी छाती झालेली नाही.

दमट हवेच्या शहरांत, विशेषतः मुंबईत, भिंतीवर एक राखाडी, चपटी, दोन्ही टोकांना निमुळती पुडी सरकताना दिसते. भोपळ्याच्या बीएवढी. नवीन माणसाला वाटतं, रंगाचा पोपडा निघालाय. मग पोपडा चालू लागतो. आत एक अळी असते. तिने स्वतःच्या रेशमाला भिंतीची माती, केस, धूळ, लोकरीचे तंतू चिकटवून ही खोळ शिवलेली असते. खोळ दोन्हीकडून उघडी, त्यामुळे तिला खोळ वळवावी लागत नाही. आत उलटायचं आणि दुसऱ्या दाराने डोकं बाहेर काढायचं. खाणं म्हणाल तर कोळ्यांची जुनी जाळी, लोकर, गळलेले केस. म्हणजे आपण साफसफाई करत नाही तेव्हा ती करते, आणि आपण करायला घेतली की पहिला झाडू तिच्यावर पडतो.

आपली समजूत अशी की रेशीम काढणारा कारागीर जगात एकच, तुतीवरचा. बाकीच्या अळ्या नुसत्या खादाड. प्रत्यक्षात फुलपाखरं आणि पतंग यांच्या जवळजवळ सगळ्याच अळ्यांजवळ रेशमाचं सामान असतं. कोकणात भाताच्या खाचरात एक अळी पानाचा तुकडा कापते, त्याची सुरळी करून रेशमाने आतून शिवते आणि त्या होडीत बसून पाण्यावरून पुढच्या रोपाला जाते. शेतकरी तिला सुरळीतली अळी म्हणतात आणि खाचरातलं पाणी सोडून देऊन तिची जलवाहतूक बंद पाडतात. तिची एक नातलग पानाच्या दोन कडा टाके घालून जवळ ओढते आणि त्या खोलीत बसून पानाचा हिरवा गर खरवडते. सोयाबीनवर पानं गुंडाळणारी आहे, तुरीवर शेंगा-फुलांचा गुंता करणारी आहे. कृषी विद्यापीठाची कीड-रोगांची पुस्तिका उघडावी तर निम्मी पानं शिवणकामाची वाटतात.

या धाग्याचा उगमही विचार करण्यासारखा आहे. कोळी पोटाच्या मागच्या टोकातून धागा काढतो. अळी काढते तोंडातून. खालच्या ओठाशी तिला एक बारीक नळी असते. ज्या ग्रंथींतून हे रेशीम येतं, त्या मूळच्या लाळेच्या ग्रंथी. उत्क्रांतीच्या ओघात लाळ गाळण्याऐवजी त्या प्रथिनं विणू लागल्या, इतकंच. आता आपल्याकडे देवघरात सुती धोतर पारोसं ठरे आणि रेशमी कद किंवा मुकटा नेसला की माणूस एकदम शुद्ध. ज्या घरांत पाण्याच्या भांड्याला ओठ लागला तर ते भांडं राखेने घासून घेत, त्याच घरांत देवाची पूजा एका अळीच्या थुंकीचं वस्त्र नेसून होत होती. यात मी कुणाची थट्टा करत नाही. धर्मशास्त्राचा निकाल आधी लागला आणि प्राणिशास्त्राचा पुरावा फार उशिरा आला. तोवर निकाल फिरवणं कुणाच्याच हातात राहिलं नव्हतं. शिवाय आजीच्या हयातीत हा पुरावा घरात आणण्याचं धाडस कोण करणार?

रेशमाच्या धाग्यात आतला गाभा फायब्रॉइनचा आणि वरचं डिंकासारखं आवरण सेरिसिनचं. तुतीच्या अळीत या गाभ्याचे तीन भागीदार आहेत : एक जड साखळी, एक हलकी साखळी आणि त्यांना धरून ठेवणारं पी-२५ नावाचं प्रथिन. खरं ओझं जड साखळी वाहते. तिच्यात ५,२६३ अमिनो आम्लं एकापुढे एक ओवलेली असतात आणि त्यांतली बहुतेक फक्त तीन प्रकारची : ग्लायसीन, अलानीन, सेरीन. ग्लायसीन-अलानीन, ग्लायसीन-अलानीन, मग ग्लायसीन-सेरीन, की पुन्हा ग्लायसीन-अलानीन. एकादशीच्या रात्री भजनी मंडळ एकाच नामावर पहाट करतं, तसं हे जनुक. नवीन काही सांगायचं नाही. जे आहे ते न थकता म्हणत राहायचं. रेशमाची ताकद या पुनरुक्तीतच आहे, कारण सारखे तुकडे एकमेकांवर घट्ट रचले जातात. पुनरुक्ती हा दोष मानणाऱ्या संपादकांनी या जनुकाला केव्हाच कात्री लावली असती.

इतकं रेशीम अळी इतक्या थोड्या दिवसांत काढते म्हणजे तिच्याकडे या जनुकाच्या पुष्कळ प्रती असणार, असा संशय साहजिक होता. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत योशिआकी सुझुकी आणि डोनाल्ड ब्राउन यांनी १९७२ साली रेशमाचा संदेश वाहणारा आरएनए वेगळा काढला आणि मग मूळ जनुकाची मोजदाद झाली. प्रत निघाली एकच. एका जनुकावरून सुमारे दहा हजार संदेश निघतात आणि एकेका संदेशावरून लाखभर प्रथिनं. रेशीमग्रंथीच्या पेशीही अळी वाढते तशा संख्येने वाढत नाहीत. जन्मतःच ठरलेल्या पेशी नुसत्या फुगत जातात आणि आतला डीएनए लाखो पटींनी वाढतो. नवी भरती शून्य, काम अफाट.

हे फायब्रॉइन जुनं आहे, फारच जुनं. ओढ्यातल्या दगडांखाली एक कीटक पाण्यातच चिकट रेशीम विणतो आणि वाळूचे कण जोडून घर करतो. त्याची प्रौढावस्था बाहेर येऊन पतंगासारखी उडते. त्याचं घराणं आणि पतंगांचं घराणं वीस कोटी वर्षांहूनही आधी वेगळं झालं, तरी जड साखळीचं जनुक दोघांकडे ओळखीचं निघतं. दुसरीकडे भंडारा-गडचिरोलीच्या ऐन-अर्जुनावर वाढणारा कोसा म्हणजे टसर. त्याच्या कुळात हलकी साखळी आणि पी-२५ हे दोन भागीदार नाहीतच. जड साखळ्या आपापसात हात धरतात आणि धागा निघतो. भागीदारी मोडूनही दुकान चालू ठेवणं कोशाला जमतं. आपल्याकडे वाण्यांच्या दुसऱ्या पिढीलाही ते अवघड जातं.

आपण रेशमाला चैन समजतो. अळीला ती चैन नाही. गुळगुळीत पानावर पाय टिकत नाहीत म्हणून कित्येक अळ्या चालताना डोकं डावी-उजवीकडे हलवत धाग्यांची चटई घालतात आणि तिच्यात मागच्या पायांचे बारीक आकडे रोवतात. कात टाकायच्या वेळी आधी पानावर रेशमाची गादी विणतात, जुनी कातडी तिला अडकवतात आणि मग त्यातून स्वतःला ओढून बाहेर काढतात. गादी नसेल तर जुनी कातडी अंगाबरोबर फरपटत येते आणि अळी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकते. कोबीवरच्या पतंगाची अळी, ज्याला आपल्याकडे चौकोनी ठिपक्याचा पतंग म्हणतात आणि नाशिककडचे शेतकरी नुसतं डीबीएम म्हणतात, तिला बोट लावून पाहा. ती आधी तडफडत मागे सरकते, मग पानाच्या कडेवरून उडी घेते आणि धाग्यावर अधांतरी लटकते. धोका टळला की त्याच धाग्यावरून वर. जावामध्ये १९५३ साली डीडीटी पचवणारी आणि १९९० साली हवाईच्या शेतांतून बीटी या जैविक कीटकनाशकाच्या फवाऱ्यालाही दाद न देणारी हीच. एवढ्या कर्तबगार अळीचं रोजचं जगणं एका लाळेच्या धाग्यावर टांगलेलं असतं.

आणि जन्मतःच उडायचं असेल तर? २०१८ साली कर्नाटकात प्रथम दिसलेली मक्यावरची लष्करी अळी पाहता पाहता महाराष्ट्रात पोचली. तिचे पतंग लांब उडतात, हे खरं. पण एका पुंजक्यातून शे-दोनशे पिल्लं एकदम बाहेर पडतात, तेव्हा एकाच ताटावर गर्दी नको म्हणून ती धागा सोडून वाऱ्यावर स्वार होतात. शेजारच्या ओळीत, त्याच्या पलीकडच्या ओळीत. आई-बाप पंखवाले, पण पोरांना वेगळं घर शोधायला पंख लागत नाहीत.

कपाशीची गोष्ट आपल्याकडे जरा जास्त जिव्हारी लागते. गुलाबी बोंडअळी फुलात शिरते आणि पाकळ्यांची टोकं आतून रेशमाने बांधून टाकते. फूल उमलू पाहतं, पण टाके सुटत नाहीत. ते अर्धवट उघडलेल्या गुलाबाच्या कळीसारखं दिसत राहतं. विदर्भ-मराठवाड्यात याला डोमकळी म्हणतात. डोमकळ्या दिसल्या की वेचून नष्ट करा, असा सल्ला दरवर्षी दिला जातो. हंगाम संपत आला की हीच अळी दोन सरक्या एकमेकींना शिवते आणि त्या जोडखोलीत झोपून पुढच्या वर्षाची वाट पाहते. बीटी कपाशी भारतात २००२ साली आली, २००६ साली तिच्यात दुसरं अळीमारक जनुक घातलं गेलं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राच्या बोंडांचं गुलाबी अळीने काय केलं ते कुणाला सांगायला नको. या सगळ्या काळात तिने टाका एकही बदलला नाही.

माझा भाचा जालना जिल्ह्यात राहतो. त्याच्याकडे कपाशी आहे आणि बांधाच्या अलीकडे तुती. म्हणजे एका हाताने तो अळ्या मारतो आणि दुसऱ्या हाताने पाळतो. जालन्यात कोषांची बाजारपेठ झाल्यापासून त्या भागात तुतीची शेडं बरीच उभी राहिली. त्याच्या शेडमध्ये शिरायचं तर चपला बाहेर, हात धुवायचे, चुन्याची पावडर पायाखाली. तंबाखू खाऊन आत गेलेल्याला तो शिव्या घालतो. अत्तर लावून आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरच थांबवतो. "अळ्या मोल्टला बसल्यात, मामा," म्हणजे कात टाकायला, असं तो हलक्या आवाजात सांगतो, आणि मीही आवाज खाली घेतो. एका अंडीपुंजात चारशे-पाचशे अंडी, शंभर अंडीपुंजांच्या बॅचमध्ये चाळीस-पन्नास हजार अळ्या. चौथ्या मोल्टनंतर त्यांची भूक अशी खवळते की शेडमध्ये पाला कुरतडण्याचा आवाज पावसाच्या सरीसारखा येतो आणि भाच्याची बायको दिवसरात्र फांद्या कापते. मग अळ्या पिवळसर, पारदर्शक होतात, चंद्रिकेवर, म्हणजे कोष बांधायच्या चौकटीवर, चढतात आणि इंग्रजी आठचा आकडा गिरवत दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती किलोमीटरच्या आसपास लांबीचा एक अखंड धागा गुंडाळतात. त्यानंतर आपण काय करतो? आतला जीव पतंग होऊन कोष फोडण्याआधीच त्याला वाफेवर घालतो. एकसंध धागा हवा, भोक पडलेलं घर नको.

कपाशीवरची अळी आणि तुतीवरची अळी, या दोघींत फरक काय, असं मी भाच्याला विचारलं. दोघी झाडावरच पोसतात. तुती जर आपल्याला हवी असलेली भाजी असती तर रेशीमकिडा ही तिच्यावरची अत्यंत घातक कीड ठरली असती. दोघींच्या ओठाशी तीच नळी, दोघींत तोच गाभा. भाचा हिशेबी माणूस. तो म्हणाला, "फरक एकच. हिचा धागा उलगडतो."

त्याचं म्हणणं बिनतोड आहे. कीड कुणाला म्हणायचं, याचा निकाल रीळ करता येतं की नाही यावर आपण लावलेला आहे. उलगडला तर रेशीम, गुंतला तर जाळी.

या निकालाच्या घाईचं सर्वांत महागडं उदाहरण अमेरिकेतलं. एतिएन लेओपोल्द त्रूव्हेलो हा फ्रेंच माणूस राजकीय उलथापालथीनंतर देश सोडून मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावी राहायला आला. पेशाने चित्रकार, नाद रेशमाचा. त्याने आधी तिथल्याच एका मोठ्या रानपतंगाच्या अळ्या पाळल्या. घरामागच्या झाडांवर जाळ्या टाकून इतक्या पाळल्या की त्यांची संख्या लाखांत गेली. मग १८६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने युरोपातून आणखी एका पतंगाची अंडी आणली. त्यातून काय साधायचं होतं, यावर आजही अंदाजच चालतात, पण रेशमाचा नाद सुटलेला नव्हता हे खरं. काही अळ्या निसटल्या. त्रूव्हेलोला त्यातला धोका कळला होता, त्याने तो बोलूनही दाखवला. ऐकणाऱ्यांना एका हौशी परदेशी चित्रकाराच्या बागेतल्या चार अळ्यांचं काय एवढं, असं वाटलं असणार. वीसेक वर्षं गावाने दुर्लक्ष केलं आणि १८८९ च्या उन्हाळ्यात मेडफर्डची झाडं बोडकी झाली. अळ्या घरांच्या भिंतींवर, पायवाटांवर, दारांत. रात्री त्यांच्या कुरतडण्याचा आवाज ऐकू येतो, असं लोक सांगत. पुढच्या वर्षी राज्याने निर्मूलनाची मोहीम काढली, दहा वर्षं ती चालवली आणि मग सोडून दिली. ते पतंग आजही ईशान्य अमेरिकेची ओकची जंगलं ओरबाडतात.

यातला काव्यगत न्याय असा, की त्या जातीच्या मादीला पंख असूनही उडता येत नाही. मग ती पसरली कशी? अंड्यातून बाहेर आलेली केसाळ पिल्लं फांदीच्या टोकाला जातात, रेशमाचा धागा सोडतात आणि वारा त्यांना घेऊन जातो. माणसाने धाग्यासाठी आणली. माणसाला तिचा धागा उपयोगी पडला नाही. तिला मात्र पुरेपूर पडला.

त्रूव्हेलो स्वतः या प्रकरणातून वर निघाला, तो अक्षरशः वर. कीटक सोडून त्याने आकाश धरलं. हार्वर्डच्या वेधशाळेत बसून ध्रुवीय प्रकाश, धूमकेतू, चंद्राचे डाग असे चितारले की त्याची चित्रं आजही संग्रहालयांत जपलेली आहेत. १८८२ साली तो फ्रान्सला परतला. चंद्रावर त्याच्या नावाचं विवर आहे, मंगळावरही एक आहे. मेडफर्डमध्ये त्याचं नाव ज्या सुरात घेतलं जातं तो सूर मात्र वेगळा.

आता शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा धरला आहे. रेशीम वाढवायचं कसं, हे विचारून झालं. बंद पाडलं तर काय होईल? तुतीच्या अळीत याचं उत्तर निसर्गाने आधीच देऊन ठेवलं होतं. जपानी रेशीमशाळांत फार पूर्वीपासून काही वाण जपलेले आहेत, ज्यांच्या अळ्या वेळ आल्यावर चढतात, डोकं हलवतात, पण कोष होतच नाही. सेरिसिनचं पातळ आवरण होतं आणि आत उघडा प्यूपा पडून राहतो. जनुकं तपासली तर कुठे जड साखळी मोडलेली, कुठे हलकी. २०१४ साली चीनमधल्या संशोधकांनी जड साखळीचं जनुक मुद्दाम कापलं, तेव्हा रेशीमग्रंथी रिकाम्याच राहिल्या. मग त्या रिकाम्या गोदामात दुसरी प्रथिनं बनवून घेता येतील का, हा विचार लगेच सुरू झाला. माणूस जागा मोकळी ठेवत नाही.

पण रेशीम निघालं नाही म्हणजे नुसता अंगरखा गेला, असं नव्हे. पानं खाऊन अळीच्या अंगात अमिनो आम्लांचा मोठा साठा होतो. तो प्रथिनाच्या रूपाने बाहेर काढणं हा रेशमाचा एक उपयोग आहे. ग्रंथी काढून टाकलेल्या अळीच्या रक्तात ही आम्लं तुंबून राहतात. म्हणजे कोष हा एका अर्थी घर, आणि एका अर्थी वेळेवर झालेला निचरा. कीड म्हणून बदनाम असलेल्या पतंगांवरही असे प्रयोग सुरू आहेत : टाका घालता आला नाही, चटई विणता आली नाही, कात अडकली, कोष झाला नाही, तर किती अळ्या पतंग होईपर्यंत तगतात, किती अंडी घालतात? विष घालण्यापेक्षा हत्यार काढून घेणं जास्त शहाणपणाचं, असा त्यामागचा तर्क. तर्क मला पटतो. अंमलबजावणीबद्दल मात्र मी जरा सावध आहे. प्रयोगशाळेत जनुक कापण्याचं हे काम अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्याला, ते घातल्यापासून काही तासांत, सूक्ष्मदर्शकाखाली सुई टोचून होतं. शेतातल्या डोमकळ्यांना ती सोय नाही. जनुक गप्प करणारा आरएनए फवारून किंवा खायला घालून काम होईल, अशीही आशा आहे. पण पतंगांच्या अळ्यांचं पोट असं पाजी की आलेला आरएनए ते बऱ्याचदा पचवूनच टाकतं.

कोष सोडूनही जगता येतं, याचा एक पुरावा मात्र आपल्याच आंब्या-काजूवर आहे. पानांचे गोळे करून राहणाऱ्या तांबड्या मुंग्या, ज्यांना कोकण-गोव्यात हुमले म्हणतात, त्यांच्या मोठ्यांना रेशीम येत नाही. त्या आपली पिल्लं तोंडात धरून एका पानावरून दुसऱ्या पानावर टेकवत नेतात आणि पिल्लू धागा सोडत जातं. सगळं रेशीम घरट्याच्या कामी लागतं, आणि पिल्लू स्वतः कोष न करता उघडंच मोठं होतं. मुंगीचं रेशीम निराळ्या प्रथिनाचं, कुळही निराळं. शिवाय तिला हजारो बहिणींचा पहारा आहे. बोंडअळीला बहीण कोण?

हे सगळं मी भाच्याला एका दुपारी सांगत होतो. बॅच नुकतीच चंद्रिकेवर चढली होती, त्यामुळे त्याला थोडी उसंत होती. जड साखळीची दोन टोकं सगळ्या पतंगांत साधारण सारखी असतात, मधला पुनरुक्तीचा भाग मात्र जातीजातीत वेगळा, हेही सांगितलं. म्हणजे उद्या औषध निघालंच तर ते फक्त गुलाबी अळीचं रेशीम अडवेल असं करणं अगदीच अशक्य नाही.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "ते ठीक हाये मामा. पण पलीकडचा कपाशीवर मारणार, वारं इकडचं असणार. तिचं बंद पडंल आन् माझीचं चालू राहील, हे काय लेबलवर लिहिलेलं असंल का?"

"असायला हवं."

"लेबलवर तर आताबी लई लिहिलेलं असतं. तुतीपासून लांब मारा, असं बी असतं. वाचतं कोण? मागच्या बॅचला..."

शेजारच्या रानात फवारणीचा पंप सुरू झाला. वाक्य अर्धवट टाकून तो शेडचे पडदे सोडायला धावला.